आयरिश फिडलसाठी पहिलं पुस्तक कुठलं घ्यायचं: क्रॅनिच, ओनील, ब्रेहनाख की फ्वीन सेशून

आयरिश फिडल (वाद्य व्हायोलिनच, वाजवायची पद्धत वेगळी) शिकायचं ठरलं आणि ट्यून बुक शोधायला लागलात की हीच चार नावं परत परत समोर येतात (तीन लेखकांची, चौथं एका पुस्तकमालिकेचं), सगळ्यांवर पारंपरिक आयरिश संगीत असंच लिहिलेलं असतं आणि बजेट एकाच पुस्तकाचं असतं. माझं मत आधीच सांगून टाकते, नवशिके असाल किंवा क्लासिकल व्हायोलिन शिकलेले असाल तर मॅट क्रॅनिचचं पुस्तक घ्या. बाकीची तीन वाईट नाहीत, एक तर माझं सगळ्यात लाडकं आहे, पण त्यांची वेळ नंतर येते.

पुस्तकं बघायच्या आधी कागदावर नक्की काय येतं ते बघा. रील असो, जिग असो (दोन्ही नाचाच्या चालींचे प्रकार), बहुतेक ट्यून दोन भागांची असते, प्रत्येक भाग आठ बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट) आणि दोनदा वाजवायचा, म्हणजे एक फेरी 32 बारची. लिहायला चार-पाच ओळी पुरतात आणि सूर बघाल तर जवळजवळ सगळे पहिल्या पोझिशनमध्ये (डावा हात वर न सरकवता येणारे), त्यामुळे वाचून वाटतं हे तर सोपंय. पण छापलेल्या त्या एकसारख्या सुरांच्या रांगेत लय दिसतच नाही. कुठला सूर किंचित लांबवायचा, बो म्हणजे गज कुठे फिरवायचा, कुठले दोन-तीन सूर एकाच बोमध्ये बांधायचे, कट, रोल, ट्रेबल या सजावटी कुठे, आयरिशपणा सगळा तिथे आहे. म्हणून मी पुस्तक बघताना ट्यून किती आहेत हे नंतर बघते, आधी बघते की हे पुस्तक उजव्या हाताबद्दल काय सांगतं.

या कसोटीवर ओनील सगळ्यात मागे पडतो, आणि तरी त्याच्याशिवाय चालत नाही. फ्रान्सिस ओनील हा माणूस 1848 साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात बँट्रीजवळ जन्मला, पोरवयात जहाजावर गेला आणि पुढे 1901 ते 1905 शिकागोच्या पोलीस खात्याचा प्रमुख होता. शिकागोत आलेल्या आयरिश वादकांकडून त्याने ट्यून गोळा केल्या. तो स्वतः बासरी वाजवायचा पण नोटेशन लिहिता येत नव्हतं, ते काम जेम्स ओनील या फिडलवादकाने केलं, आडनाव तेच पण नातं नाही. 1903 च्या मोठ्या पुस्तकात 1850 ट्यून आहेत, त्यातल्या 600 हून जास्त संथ चाली म्हणजे एअर्स आणि 75 हार्पवादक कॅरोलनच्या रचना. फक्त नाचाच्या ट्यून हव्या असतील तर 1907 चं 1001 ट्यूनवालं बघा. एक माणूस एवढं जमवून ठेवतो आणि शंभर वर्षांनी जगभरचे लोक त्यातून वाजवतात, मला याचं फार अप्रूप वाटतं. पण शिकायला म्हणून उघडलंत तर नुसता सांगाडा हातात येतो, बोइंग (गज कसा फिरवायचा याच्या खुणा) जवळजवळ नाही, सजावट नावापुरती, आणि एकच ट्यून थोड्या फरकाने दोन वेगळ्या नावांनी भेटते ते वेगळंच. आणखी एक गोष्ट म्हणजे 1907 च्या पुस्तकात पोल्कांचा विभागच नाही, त्यामुळे तुम्ही कॉर्क किंवा केरीकडे राहत असाल, जिथे सेशनमध्ये (वादक जमून एकत्र वाजवतात त्या बैठकीत) पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या चाली धो धो वाजतात, तर हे पुस्तक तिथे फारसं कामाला येणार नाही. कॉपीराइट कधीच संपलाय, जुन्या प्रतींचं स्कॅन फुकट मिळतं, त्यामुळे यावर पैसे खर्च करूच नका, उतरवून ठेवा आणि डिक्शनरीसारखं वापरा. 1976 ची माइल्स क्रासेनने सुधारलेली आवृत्ती मात्र विकत घेण्यासारखी आहे, आजचे लोक वाजवतात त्याच्या ती बरीच जवळ जाते.

ब्रेहनाख हे माझं लाडकं. ब्रेंडन ब्रेहनाख स्वतः उलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) वाजवणारा, त्याच्या क्योल रिंके ना हेरन (आयर्लंडचं नृत्यसंगीत) या संग्रहाचा पहिला खंड 1963 चा, 214 ट्यून, आणि त्या एखाद्या खऱ्या वादकाने जशी वाजवली तशी उतरवलेल्या. कोणाकडून घेतली, तीच ट्यून आणखी कुठल्या नावाने चालते, याच्या टिपा मागे दिलेल्या आहेत. एकूण पाच खंड, शेवटचे दोन तो 1985 साली गेल्यावर जॅकी स्मॉलने पूर्ण केले. अडचण एवढीच की मजकूर आयरिश भाषेत आहे, आणि बऱ्याच ट्यून पाइप्स किंवा बासरीवाल्यांकडून आलेल्या असल्यामुळे फिडलवर कशा बसवायच्या ते तुम्हालाच ठरवावं लागतं. कान तयार झाला, दोन-तीन वादकांचा फरक ऐकून ओळखता यायला लागला की मग हे घ्या, तेव्हा एकेक पान तासभर पुरतं. आधी घेतलंत तर कपाटात पडून राहील.

फ्वीन सेशून ही कोल्टस या संस्थेची मालिका (1951 पासून आयरिश संगीतासाठी काम करणारी मोठी संस्था), सरळ सेशनसाठी काढलेली. ट्यून सेटमध्ये लावलेल्या, म्हणजे एकामागून एक कुठली घ्यायची ते तयार, आणि सोबत सीडीवर सगळे मिळून वाजवतात तसं रेकॉर्डिंग. शिकवणं असं त्यात काही नाही. जवळपास सेशन असेल, दर आठवड्याला जाऊन बसणार असाल आणि व्हायोलिन आधीपासून येत असेल तर हेच पहिलं घेतलं तरी चालेल. एकट्याने घरी शिकणाऱ्याला मात्र हे अपुरं पडेल.

आता क्रॅनिच. 1988 चं पुस्तक, लेखक कॉर्कचा फिडलवादक, कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या श्लीव लुखरा भागाच्या शैलीचा जाणकार. इथे वाद्य धरण्यापासून सुरुवात आहे, मग बो, मग कट आणि रोल आणि ट्रेबल एकेक करून, कुठल्या बोटाने आणि का, आणि ते शिकता शिकता शंभराहून जास्त ट्यून. डनिगॉल परगण्याचं तुटक आणि जोरकस बोइंग वेगळं, स्लायगो परगण्याचं सजवलेलं वाजवणं वेगळं, हे पण त्यात समजतं, त्यामुळे पुढे स्लायगोचा फिडलवादक मायकेल कोलमन याची 1920 च्या दशकातली न्यूयॉर्कची रेकॉर्डिंग ऐकताना नेमकं काय ऐकायचं ते कळतं. क्लासिकल शिकलेल्यांना तर मी हेच सांगेन, कारण त्यांचे सूर पहिल्या दिवसापासून बरोबर असतात पण बो लांब आणि व्हायब्रेटो (बोटाने सूर थरथरवणं) सगळीकडे, आणि ते कुठे सोडायचं हे बाकीच्या तिन्ही पुस्तकांत कुणीच सांगत नाही. उणीव म्हणाल तर ट्यूनचा साठा लवकर संपतो, पण तोपर्यंत फुकटचा ओनील उघडता येण्याइतके तुम्ही तयार झालेले असता.

आपल्याकडे हिंदुस्तानी व्हायोलिन शिकलेल्यांसाठी थोडं वेगळं. तारा सा-पा लावायची सवय असते, मांडी घालून बसून मींडेने वाजवायची सवय असते, इथे जी-डी-ए-ई लावायचं आणि बोटं जागच्या जागी पडायला हवीत. त्यात ही चारही पुस्तकं स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी), आणि आपल्याला सवय भातखंडे स्वरलिपीची. यावर घाबरून पुस्तकच नको म्हणू नका. श्लीव लुखराचा पॉड्रिग ओकीफ हा मोठा फिडलमास्तर शिष्यांना स्वतःच्या खुणांनी ट्यून लिहून द्यायचा, पाच रेषांमधल्या चार जागा म्हणजे चार तारा आणि त्यात बोटांचे आकडे, झालं. तुम्हीही क्रॅनिचमधली ट्यून आधी रेकॉर्डिंगवरून ऐका, गुणगुणता येईपर्यंत ऐका, मग सारेगममध्ये स्वतःच्या वहीत उतरवा आणि बो बदलायच्या जागा पुस्तकातून बघून त्यावर खुणा करा, स्टाफ नोटेशन हळूहळू आपोआप वाचता यायला लागतं.

क्रॅनिच किंवा फ्वीन सेशून सेकंड हँड घेत असाल तर रेकॉर्डिंग सोबत आहे का ते आधी विचारा, जुन्या प्रतींमधून सीडी गायब असते आणि रेकॉर्डिंगशिवाय या दोन्ही पुस्तकांना निम्मे पैसे पण देऊ नका.