सेरोसेफ: वारशाने आलेल्या रिव्हॉल्वरचं काडतूस नक्की करून देणारा धातू

नळीवर ‘.३८’ दिसलं की दुकानात जाऊन ‘.३८’ ची काडतुसं मागायची, ही जुन्या रिव्हॉल्वरबाबत हमखास होणारी चूक आहे. .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) आणि .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पहिल्याचं पितळी कवच १९.७ मिमी लांब आणि बुडाशी ९.८२ मिमी जाड असतं. दुसऱ्याचं २९.३ मिमी लांब, पण ९.६३ मिमीच जाड. गोळीही निराळी: पहिल्याची ९.१७ मिमी, दुसऱ्याची ९.०९ च्या आसपास. हत्यार मूळ अवस्थेत असेल तर चुकीचं काडतूस आतच जात नाही, तिथे गोंधळ व्हायचं कारण नाही. प्रश्न येतो तो मधल्या काळात कुणीतरी घर, म्हणजे काडतूस बसायची पोकळी (चेंबर), कोरून वाढवलेल्या हत्यारांचा. तिथे शिक्का एक सांगतो आणि पोलाद दुसरंच. पोलादाचं म्हणणं ऐकायचं असेल तर सेरोसेफसारखं दुसरं साधन नाही.

सेरोसेफ हा बिस्मथ ४२.५ टक्के, शिसं ३७.७, कथील ११.३ आणि कॅडमियम ८.५ टक्के असा मिश्रधातू आहे. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे पाणी उकळायच्या आधीच. काडतुसाच्या घरात ओतून त्याचा ठसा काढायचा आणि व्हर्नियरने मोजायचा, एवढंच त्याचं काम. अमेरिकेत बंदूक दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे तो साधारण अर्ध्या पौंडाच्या लगडीत मिळतो. .३८ च्या एका घराला अंदाजे ३० ग्रॅम लागतो. ठसा मोजून झाला की वितळवून पुन्हा वापरता येतो, त्यामुळे एक लगड वर्षानुवर्षं पुरते.

त्याचा खरा गुण त्याच्या वेळापत्रकात आहे. ओतल्यावर पहिला अर्धा तास तो किंचित आकसतो, म्हणून ठसा घरातून अलगद सुटतो. मग तो पुन्हा फुगू लागतो आणि साधारण एका तासाने घराच्या मापाला बरोबर येतो. त्यापुढेही वाढतच राहतो: सुमारे २०० तासांनी दर इंचाला इंचाचा ०.००२५ भाग. ९.१७ मिमीवर ही वाढ ०.०२ मिमीच्या जराशी वर जाते. दोन काडतुसांच्या जाडीत फरक ०.१९ मिमीचा आहे, त्यामुळे नुसतं काडतूस ओळखायचं असेल तर दुसऱ्या दिवशी मोजलं तरी चालतं. गोळीचं माप ठरवायला घशाचा, म्हणजे घराच्या पुढच्या अरुंद टोकाचा, भाग मोजायचा असेल तर मात्र तासाचा नियम पाळाच. ‘लो मेल्टिंग अलॉय’ म्हणून मिळणारा वुड्स मेटलही ७० अंशांच्या आसपास वितळतो, पण त्याचं आकसणं-फुगणं वेगळं असतं. स्वस्त मिळाला म्हणून तो घराच्या ठशासाठी वापरू नये.

हे साधन कुठे कामाला येतं, त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी मॉडेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही रिव्हॉल्वरं ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांना दिली. मुठीच्या तळाशी क्रमांकाआधी ‘व्ही’ अक्षर असतं. ब्रिटिशांसाठीच्या हत्यारांचं घर .३८ एस अँड डब्ल्यूचं (ब्रिटिश त्यालाच .३८/२०० किंवा .३८० म्हणत) आणि नळी बहुधा ५ इंची. अमेरिकेने स्वतःसाठी ठेवलेली बहुधा ४ इंची, .३८ स्पेशलची. युद्ध संपल्यावर ब्रिटिश साठ्यातली कित्येक हत्यारं बाजारात आली. तेव्हा .३८ स्पेशलचा खप मोठा होता, म्हणून घरं पुढे कोरून ती त्या काडतुसाची करण्यात आली. नळ्याही कापल्या गेल्या. लंडनच्या कॉग्सवेल अँड हॅरिसनने असं बरंच काम केलं.

मूळ घराचा ठसा हातात घेतला की बुडापासून १९-२० मिमीपर्यंत जाड भाग दिसतो, मग एकच स्पष्ट पायरी आणि पुढे गोळीच्या जाडीचा घसा. कोरलेल्या घराच्या ठशावर पायऱ्या दोन. मागचा जाड भाग तसाच राहतो, कारण काढलेलं पोलाद परत घालता येत नाही. २० मिमीच्या आसपास पहिली, बारीक पायरी: ९.८ वरून ९.६ च्या घरात. तिथून २९-३० मिमीपर्यंत .३८ स्पेशलच्या जाडीचा भाग, मग दुसरी पायरी. नखाने ओढलं तरी पहिली पायरी बोटाला कळते. अशा घरात .३८ स्पेशल आत जातं आणि उडतंही, पण कवचाच्या मागच्या निम्म्याहून जास्त भागाला आधार नसतो. कवच तिथे फुगतं, कधी उभं चिरतं आणि गरम वायू मागे येतो. गोळीही नळीच्या खाचांपेक्षा बारीक पडते, त्यामुळे नेम जातो. कमाल दाबाची अमेरिकन मर्यादा .३८ एस अँड डब्ल्यूसाठी १४,५०० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे आणि .३८ स्पेशलसाठी १७,०००. आमचं स्पष्ट मत: दोन पायऱ्यांचा ठसा निघालेलं हत्यार कपाटातच शोभतं.

आता कृती. हत्यार रिकामं आहे हे सहाही घरांतून उजेड पाहून नक्की करा. व्हिक्टरी मॉडेलचा सिलिंडर (सहा घरांचा फिरता भाग) उजव्या बाजूचा पुढचा स्क्रू काढला की पुढे सरकून निघतो. घर कांस्याच्या ब्रशने घासून घ्या. आखूड काडतुसं वापरलेल्या घरात काजळीचं कडं साचलेलं असतं आणि ते ठशावर खोटी पायरी उमटवतं. तेल फडक्याने पुसटसंच लावा, ओघळलं तर ठशाला सुरकुत्या पडतात. घराच्या पुढच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवा, पण शेवटच्या ४-५ मिमीतच, नाहीतर घसा मोजायला उरणार नाही. मागचा तारा, म्हणजे कवचं बाहेर ढकलणारा भाग, दाबून बसलेला हवा. फट राहिली तर धातू त्याच्याखाली शिरतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात.

धातू गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. थेट गॅसच्या आचेवर धरू नका, कारण फार तापला की कॅडमियमची वाफ विषारी. भांडं स्वयंपाकघरातलं नको, हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी. सिलिंडरही कोमट करून घ्या, थंड पोलादावर धातू पडल्या पडल्या गोठतो. एका धारेत ओता आणि मागच्या पृष्ठभागाला टेकायच्या आत थांबा. वर सांडला तर ताऱ्यावर टोपी बसते. गोठला की अर्ध्या तासाच्या आत पुढून लाकडी काडीने ढकला. अडला तर ठोकू नका: सिलिंडर गरम पाण्यात धरा, धातू वितळून बाहेर येईल. एकाच घरावर थांबू नका, निदान दोन घरांचे ठसे घ्या. हाताने कोरलेल्या सिलिंडरमध्ये घराघरांत फरक निघतो.

सेरोसेफची मर्यादाही मोठी आहे: तो माप सांगतो, ताकद सांगत नाही. आयव्हर जॉन्सनची दुमडून उघडणारी .३८ रिव्हॉल्वरं घ्या. १९०९ च्या आधीची काळ्या दारूसाठीच (जुन्या प्रकारच्या बंदुकीच्या दारूसाठी) बनलेली होती, आणि त्यांच्या घराचा ठसा आधुनिक .३८ एस अँड डब्ल्यूशी जुळतोच. तिथे मॉडेलची पिढी ओळखल्याशिवाय ठशाला काही अर्थ नाही. म्हणून आधी शिक्के वाचा. ब्रिटिश तपासणीतून गेलेल्या युद्धोत्तर हत्यारांवर ‘.३८ .७६७’ आणि ‘३ १/२ टन्स’ असं दिसलं, तर पहिला आकडा नाव, दुसरा कवचाची इंचातली लांबी, तिसरा दर चौरस इंचावरचा दाब. शिक्के स्पष्ट आणि हत्यार न छेडलेलं असेल, उदाहरणार्थ नीट राखलेलं .४५५ चं वेब्ली मार्क ६, तर सेरोसेफवर पैसे घालवायची गरज नाही. व्हर्नियर पुरतो.

भारतातल्या वाचकांसाठी ठशाचं उत्तर कायद्याशीही जोडलेलं आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .३८० किंवा .४५५ ची कडवाली काडतुसं बसून उडू शकणारं रिव्हॉल्वर निर्बंधित (‘रिस्ट्रिक्टेड’) प्रकारात मोडतं, नळीवर काहीही लिहिलेलं असो. ‘जुनं आहे, शोभेचं आहे’ हे पुरत नाही. १९५९ च्या कायद्यातली सवलत दुरुस्त करूनही उडू न शकणाऱ्या हत्यारांनाच आहे. परवानाधारक वारल्यावर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसाने नियम २५ खाली अर्ज करायचा. ठसाही त्या विक्रेत्याकडच्या कारागिराकडूनच घ्यावा. त्याच्याकडे सेरोसेफ नसेल तर लगड मागवून घ्यायला सांगा. मेणाचा ठसा आकसतो, गंधकाचा ठिसूळ असतो, आणि ९.८ की ९.६ या प्रश्नाला त्यांच्या उत्तरावर विसंबून राहता येत नाही.