बगीच्याला लागून प्लॉट: वरूड-मोर्शीकडे घर घेण्याआधी

नाशिककडे द्राक्षमळ्याच्या शेजारची घरं विकतात, तसा अमरावती जिल्ह्यातल्या वरूड, मोर्शी, शेंदुरजनाघाट या संत्र्याच्या पट्ट्यात "बगीच्याला लागून प्लॉट" हा माल निघाला आहे. फलकावर संत्र्यांनी वाकलेली फांदी, मागे सातपुडा आणि खाली चौरस फुटाचा भाव. रेल्वे स्टेशनचं नावच "वरूड ऑरेंज सिटी", त्यामुळे फलक रंगवणाऱ्याचं अर्धं काम आधीच झालेलं. गाव राहायला चांगलं आहे, बाजार भरलेला असतो, हिवाळ्याच्या सकाळी बगीच्याकडून येणारी हवा खरंच पैसे मोजावे अशी. पण भाव सांगताना हवा मोजतात आणि पाणी-माती गिऱ्हाइकाच्या नशिबावर सोडतात, म्हणून या दोहोंचंच इथे जास्त लिहितो.

वरूड आणि मोर्शी तालुके भूजलाच्या नोंदीत अतिशोषित आहेत, म्हणजे मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जातं. गावच्या भाषेत डार्क झोन. संत्र्याला ओलीत लागतंच, विहिरी आटल्या तशा बोअर खोल खोल गेल्या. "प्लॉटवर बोअर मारून देतो" असं कोणी म्हटलं की किती फूट हे विचाराच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मे महिन्यात ती किती वेळ चालते. श्रावणातली बोअर पाहून व्यवहार करणं म्हणजे लग्नाच्या मांडवात सासर पाहणं. चाचणी सोपी आहे. मोटर सलग दोन तास चालवा. २०० लिटरचा ड्रम सुरुवातीला किती मिनिटांत भरला आणि शेवटी किती मिनिटांत, घड्याळ लावून पाहा. पहिला चार मिनिटांत आणि शेवटचा दहा-बारा मिनिटांत भरला, तर बोअरमध्ये साठलेलं पाणी तुम्ही उपसलं. मागून येणारी झिर कमी आहे. नवी बोअर घ्यायची तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत ५०० मीटरच्या आत आहे का तेही पाहावं लागतं, तिथे परवानगीशिवाय खोदता येत नाही.

नळाबद्दल विचारताना "लाइन आली आहे" या उत्तरावर थांबू नका. लेआऊटच्या तोंडाशी आली की तुमच्या रस्त्यात? आणि कुलरचा हिशेब धरा. मोठा कुलर विदर्भाच्या उन्हाळ्यात तासाला सात-आठ लिटर पाणी पितो. दोन कुलर दहा तास चालले की दीडशे लिटर तिथेच गेले. हजार लिटरची टाकी चार माणसांना पुरते हा बिल्डरचा हिशेब मे महिन्यात टिकत नाही.

आता माती. इथली बरीच नवी लेआऊटं बगीचा तोडून किंवा पडीक बगीच्यावर पडलेली आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टेकवलेलं घर तिच्यासोबत वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी गेलेली भेग त्याचीच खूण. शेजारच्या दोन-तीन घरांच्या खिडक्या बाहेरून पाहिल्या तरी बरंच कळतं.

प्लॉट घेण्याआधी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने सात-आठ फूट खड्डे घ्या आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहा. मातीची चाचणी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये होते, आणि ती कशी होते हे ठाऊक असलेलं बरं: वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलीच्या दोन नळ्यांत, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, २४ तास ठेवायची. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली त्याच्या दीडपट किंवा जास्त चढली, तर साध्या दगडी पायाचा विचार सोडा.

मुरूम पाच-सहा फुटांत लागला तर कॉलमचं फुटिंग त्याच्यावर बसवावं. दहा फुटांच्या खाली गेला तर अंडर-रीम्ड पाइल परवडतात: साडेतीन ते चार मीटर खोल, बुडाशी खांबाच्या अडीचपट व्यासाचा फुगा, वरून प्लिंथ बीमने सगळे बांधलेले. या कामातली चूक नेहमी एकाच जागी होते. प्लिंथ बीमच्या खाली तीनेक इंच पोकळी ठेवायची असते, माती फुगली तर तिला जागा म्हणून. मिस्त्रीला ती पोकळी डोळ्यात खुपते, तो ती मुरूम ठोकून "पॅक" करतो. पहिल्याच झडीत माती बीमला खालून उचलते. दुसरी चूक कंजुषीची: पायातून निघालेली काळी मातीच जोत्यात परत भरतात, मुरमाची ट्रॉली वाचवायला. मग हॉलमधल्या टाइल्स मधोमध उचलतात आणि दोष टाइलवाल्याला लागतो. जोत्यात फक्त मुरूम, सहा ते नऊ इंचांचा थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. घराभोवती निदान मीटरभर रुंद कॉंक्रीटचा पट्टा, उतार बाहेरच्या बाजूला.

बगीच्याची जमीन असेल तर अजून दोन गोष्टी. झाडं तोडतात, खोडं-मुळं जमिनीत तशीच राहतात आणि उधईला (वाळवीला) मेजवानी होते. पीसीसी (पायाखालचं साधं कॉंक्रीट) टाकण्याआधी औषध मारून घ्या: क्लोरपायरीफॉस २० ईसी, एक लिटरला १९ लिटर पाणी, चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. ठेकेदार रिकामा डबा दाखवतो. डबा उघडताना तिथे उभं राहा. दुसरी गोष्ट बुजवलेली विहीर. लेआऊटच्या नकाशात ती नसते. जुन्या वर्षांचे सातबारे काढा, खालच्या गाव नमुना बारामध्ये पिकाच्या रकान्यात संत्रा आणि जलसिंचनाच्या साधनात विहीर लिहिलेली सापडेल. विहीर होती तर कुठे, हे विकणाऱ्याला विचारा, आणि जमलं तर आधीच्या कास्तकाराला विचारा. तो पाय ठेवून दाखवतो.

सुंदर दिसतात म्हणून कंपाउंडमधली दोन झाडं राखायचा मोह होतो. भिंतीपासून पाच मीटर तरी लांबची राखा. एका बाजूने रोज ओलावा आणि दुसरी बाजू कोरडी, याने घर वाकडं बसतं. चालू बगीच्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून प्लॉट असेल तर हे जास्तच. अंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण देतात, पाणी तोडतात, जमीन भेगाळते, मग एकदम ओलीत सुरू होतं. तुमच्या भिंतीखालची माती हा खेळ दरवर्षी खेळणार. धुऱ्याकडून बांधकाम जितकं आत घेता येईल तितकं घ्या, तिकडून येणारं पाणी नालीने वळवा.

शोषखड्डा काळ्या मातीत पावसाळ्यात चालत नाही, माती पाणी पीतच नाही. मुरमापर्यंत नेला तरच उपयोग, आणि बोअरपासून १५ मीटर दूर. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर हे अंतर कागदावर आखून पाहा, बहुतेकदा बसत नाही.

कागदांत फसवणुकीच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर अभिन्यास (लेआऊटचा नकाशा), दोन्ही मूळ पाहिजेत. "एनए प्रोसेसमध्ये आहे" याला बयाना देऊ नये. एकाच वावराच्या सातबाऱ्यावर आठ-दहा जणांची नावं सामाईक चढवून प्लॉट विकतात. उद्या बांधकाम परवानगी, कर्ज, फेरविक्री सगळं अडतं. पाचशेच्या स्टॅम्पवरची नोटरी ही विक्री नव्हे, रजिस्ट्रीच लागते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचं आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचं लेआऊट रेरात नोंदलेलं हवं, आणि तिथे नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रस्ता पांदण असेल तर नकाशावर तो सरकारी आहे की कोणाच्या धुऱ्यावरून गेलेला, हे पटवाऱ्याकडून कळतं. मोजणी करून "क" प्रत (मोजणीचा नकाशा) घेतल्याशिवाय तार ओढू नका.

गावातलं जुनं आबादीतलं घर हा पर्यायही आहे. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, मे महिन्यातही आत बसवतं. पण दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरावे लागतात, फेरणारे हात कमी झालेत, आणि वानरांची एक टोळी दुपारभरात दोनशे कवेलू फोडून जाते. कर्ज काढायचं तर जागेची सनद किंवा आखीव पत्रिका आहे का ते आधी बघा.

राहण्याबद्दल थोडक्यात. अंबियाचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्च. या दिवसांत ग्रेडिंग सेंटरच्या रस्त्यावर रात्रभर ट्रक आणि कॅरेटचा खडखडाट असतो, आणि पावसाळ्याच्या शेवटी फळगळीचा ढीग कडेला पडला की वास आणि माशा. धुऱ्यावरच्या घराला फवारणीही खिडकीतून येते. मोठ्या दवाखान्यासाठी अमरावती किंवा नागपूर, वरूडहून दोन्हीकडे नव्वद-शंभर किलोमीटर. भावाची वाटाघाट मात्र बहाराशी बांधलेली आहे. संत्रा घेणाऱ्या बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून ज्या वर्षी माल अडतो, त्या वर्षी गावात पैसा फिरत नाही, आणि चार प्लॉट धरून बसलेला माणूस रोखीला नरम होतो. मृगाचा सौदा फसलेला मार्च-एप्रिल ही विचारायची वेळ. तेव्हा बोअरही खरी कळू लागते.

शेवटी विजेचे खांब मोजू नका, डीपी (ट्रान्सफॉर्मर) विचारा. लेआऊटजवळून गेलेली तार कृषी फीडरची असली तर तिच्यावर दिवसाचे चोवीस तास वीज नसते, ती पंपाच्या पाळीने येते. घरगुती जोडणी कोणत्या फीडरवरून मिळणार आणि लेआऊटची स्वतंत्र डीपी बसली आहे की फक्त तिचा ओटा बांधून ठेवला आहे, हे जाऊन बघा.