फोर-के डिस्कवर आठ महिने : मुंग्या, काळोख आणि माणसांची कातडी

पहिल्याच रात्री बायकोनं विचारलं, "अहो, टीव्हीवर मुंग्या का आल्यात?" सत्तरच्या दशकातला एक सिनेमा फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कवर, म्हणजे ब्लू-रेच्या पुढच्या, जास्त बारकाव्याच्या डिस्कवर लावला होता आणि ढगाळ आभाळाच्या करड्या भागात बारीक दाणा सळसळत होता. नाशिकरोडला माझा फोटो स्टुडिओ आहे. दुसऱ्या दिवशी तिथून १९९६ सालची एक लग्नाची प्रिंट घरी आणली, ४०० एएसएच्या, म्हणजे कमी उजेडात चालणाऱ्या रोलवर काढलेली, आणि तिच्या हातात भिंग दिलं. नवरीच्या शालूवर, मांडवाच्या सावलीत तोच दाणा होता. "म्हणजे हा रोलचाच आहे," ती म्हणाली. हो, रोलचाच. फिल्मवरचं चित्र या दाण्यांचंच बनलेलं असतं. ते पुसले की चित्रही पुसलं जातं. आठ महिन्यांत मी जे काही शिकलो, ते सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

गंगापूर रोडच्या आमच्या हॉलमध्ये ५५ इंची ओएलईडी टीव्ही आधीपासून होता. दिवाळीत प्लेअर घेतला. आज कपाटात तेवीस डिस्क आहेत. स्ट्रीमिंग असताना हा खर्च कशाला, असं मेहुण्यानं विचारलं होतं. त्याला आकडे सांगितले. फोर-के स्ट्रीमिंगला साधारण १५ ते २५ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) मिळतात. डिस्कचे तीन प्रकार आहेत, ५०, ६६ आणि १०० जीबी, आणि सर्वांत मोठीवर वेग शंभर एमबीपीएसच्याही पुढे जाऊ शकतो. सरासरी ६० धरली तरी दोन तासांच्या सिनेमाला ५४ जीबी होतात. हा फरक अंधारात उघडा पडतो. स्ट्रीमिंगवर रात्रीच्या प्रसंगात भिंतीच्या सावलीचे चौकोन पडतात, धुक्याचे पट्टे होतात. डिस्कवर काळोख सलग राहतो, आणि त्या काळोखात उभ्या माणसाच्या कोटाची शिवण दिसते.

नुसत्या पिक्सेलच्या संख्येवर मात्र फार विसंबू नका. आमचा सोफा टीव्हीपासून दहा फुटांवर होता. ५५ इंची पडद्यावर साधारण सात फुटांपलीकडे गेलं की निरोगी डोळ्यालाही साधा फुल एचडी आणि फोर-के यांच्या बारकाव्यातला फरक कळत नाही. सोफा सहा फुटांवर ओढला तेव्हा कुठे पैसे वसूल व्हायला लागले.

अंतर कितीही असो, जे दिसतंच ते म्हणजे एचडीआर, उजेड आणि काळोख यांच्यातला मोठा पल्ला. जुन्या पद्धतीचं चित्र १०० निट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) गृहीत धरून तयार होतं. फोर-के डिस्कचं चित्र बहुधा १००० निटांवर, काही वेळा ४००० निटांवर तयार केलेलं असतं. रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीचे फोटो मी पंचवीस वर्षं काढतोय. ज्योत नीट धरायला गेलं की घाट काळा पडतो, घाट धरला की ज्योतीचा पांढरा ठिपका होतो. एचडीआरमध्ये दोन्ही एकत्र राहतात. कंदिलाच्या काचेआडची वात पिवळी, टोकाशी नारिंगी, आणि मागे बसलेल्या माणसाचा चेहराही वाचता येतो. शिवाय ब्लू-रेवर प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, इथे १० बिटमुळे १०२४. सूर्यास्ताच्या आभाळात पायऱ्या दिसत नाहीत त्या यामुळे.

अनेक डिस्क मुळात फोर-के नसतातच, अशी 'खोटा फोर-के'ची तक्रार लोक करतात. ती मला म्हणूनच अर्धीच पटते. गेल्या पंधरा-वीस वर्षांतले कितीतरी सिनेमे, विशेषतः स्पेशल इफेक्टचे, २०४८ पिक्सेल रुंदीच्या टू-के मास्टरवर, म्हणजे अंतिम मूळ प्रतीवर, पूर्ण झालेत आणि डिस्कसाठी मोठे केलेत. 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' त्यातलाच. तरी त्याच्या वाळूचा तांबूस रंग आणि स्फोटांची धग ब्लू-रेपेक्षा डिस्कवर कितीतरी जिवंत आहे.

आता व्यवहाराचं. डिस्क बाहेरून मागवाव्या लागतात. मला एक अडीच ते साडेतीन हजारांना पडली. फोर-के डिस्कला रीजन कोड, म्हणजे ठरावीक देशांपुरतं कुलूप, नसतो, त्यामुळे कुठलीही चालते. सोबतची साधी ब्लू-रे मात्र अडू शकते, आपला विभाग 'सी' आहे. एक शंभर जीबीची डिस्क नेमकी सव्वा तासावर गोठायची. मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली, तरी तेच. विक्रेत्यानं बदलून दिली, पण महिना गेला. माझ्या प्लेअरमध्ये डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) सेटिंगमध्ये जाऊन हातानं चालू करावं लागतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं. आणि टीव्हीवर मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारं सेटिंग, पहिल्यांदा बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा.

सगळ्यात जास्त वेळा मी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' पाहिला. १९६२ चा सिनेमा, ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर चित्रित झालेला. ते निगेटिव्ह एट-के स्कॅन करून पन्नासाव्या वर्षाच्या निमित्तानं दुरुस्त केलं गेलं. मृगजळातून उंटस्वार येतो तो प्रसंग लावा. आधी तापलेल्या हवेत एक काळा धागा थरथरतो, मग त्याला उंटाचे पाय फुटतात. माझ्या जुन्या डीव्हीडीवर तो धागा नव्हताच, डाग होता.

यामागचं कष्टाचं काम पाहायचं तर सत्यजित राय यांच्या 'अपू त्रयी'कडे पाहावं. १९९३ साली लंडनच्या लॅबमधल्या आगीत मूळ निगेटिव्ह जळाली. त्यातली जी वाचवता आली ती इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत पुन्हा लवचीक केली, हातानं सांधली, आणि २०१५ मध्ये फोर-के रूप समोर आलं. स्मिता पाटीलचा 'मंथन' असाच मूळ निगेटिव्हवरून सावरला गेला आणि २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. हे वाचताना नाशिककराला फाळके आठवणारच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला, नाशिकला येऊन सिनेमे काढणारा आणि इथेच १९४४ मध्ये गेलेला माणूस. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चारपैकी मोजकीच रिळं उरली आहेत. निगेटिव्ह गेली की स्कॅनर कितीही मोठा आणा, स्कॅन करायला काही उरत नाही. माझ्या तेवीस डिस्कमध्ये एकही मराठी सिनेमा नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि निगेटिव्ह शाबूत असूनही चित्र मारता येतं. तरुणपणी सर्कल थिएटरला तीनदा पाहिलेला एक मारधाडीचा सिनेमा मोठ्या हौसेनं मागवला. नायकाचा चेहरा जवळ आला आणि मी उठून टीव्हीपाशी गेलो. गालावर एकही छिद्र नाही, दाढीचे खुंट धुरकट झालेले, कपाळ मेणासारखं. दाणा काढायला नॉइज कमी करणारा फिल्टर इतका जोरात फिरवला होता की कातडीच गेली, आणि वर कडा धारदार केल्यामुळे खांद्याभोवती पांढरी रेघ. हे मी लगेच ओळखलं, कारण माझ्याकडे रोज लोक येतात आणि "चेहरा जरा गुळगुळीत करा" म्हणतात. स्लायडर तीसपर्यंत नेला की मुलगी नितळ दिसते, सत्तरला नेला की तिची आईही तिला ओळखणार नाही. इथे कुणीतरी सत्तरला नेला होता.

तेव्हापासून डिस्क घेण्याआधी मी दोनच गोष्टी शोधतो : स्कॅन मूळ कॅमेरा निगेटिव्हचा आहे का, आणि दाणा ठेवलाय का. खोक्यावरच्या 'फोर-के'कडे बघत नाही. ती मेणाची डिस्क विकून टाकली. त्याच सिनेमाची दहा वर्षं जुनी ब्लू-रे ठेवली आहे. तिच्यात नायकाच्या डोळ्यांशेजारच्या सुरकुत्या आहेत, आणि आभाळात मुंग्या.