एजंटला 2 स्टार, तेही फोटोंसाठी
मार्केट थंड आहे हे मलाही कळतं, त्यामुळे सहा महिने फ्लॅट विकला गेला नाही याचा सगळा दोष एजंटला देत नाही. फोटो मात्र झकास काढले, बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे पठ्ठ्याने स्वतः उचलले. पण पहिल्या आठवड्यात रोज फोन आणि नंतर आपणच मागे लागायचं, वर एकच पालुपद, भाव कमी करा. अहो, 5 टक्के भाव उतरला की भुर्दंड माझा, तुमच्या कमिशनमधून जातो चिमूटभर आणि डील पटकन होतं ते वेगळंच! किती लोक बघून गेले, काय म्हणाले, विचारलं तर गप्प. एक्सक्लुझिव्ह करार, म्हणजे फ्लॅट फक्त त्याच एजंटने विकायचा, 3 महिन्यांच्या वर करूच नका, फी पण व्यवहार पूर्ण झाल्यावरच.