टाकीमागे 120 रुपये: घरातलं पाणी काढून देणाऱ्यांचा एक अनुभव

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हे जरूर वाचा. पावसाचं पाणी घरात शिरल्यावर कोणी फोनवर म्हणालं, ‘मशीनने पाणी खेचून देतो, टाकीमागे अमुक रुपये’, तर त्या माणसाला घरात घेऊ नका. कामाचा एकरकमी भाव सांगत असेल तर बोला. टाकीचा हिशोब सांगत असेल तर फोन ठेवा. आमच्या घरात हा प्रकार कसा झाला ते मी सविस्तर लिहिते आहे, कारण त्यात मशीनचीच एक युक्ती वापरली गेली आणि ती समजावून सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही.

आमचं घर कुर्ला पूर्वेला, तळमजल्यावर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा याच घरात ओट्यापर्यंत पाणी होतं. सासूबाईंना ते सगळं लख्ख आठवतं. परातीने, डब्याने, मिळेल त्याने पाणी उपसलं होतं आणि मजल्यावरच्या सगळ्यांनी हात लावला होता. आता पूर्वीइतकं पाणी येत नाही, पण भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला की गटारातलं पाणी समुद्राकडे जायला वाट राहत नाही आणि ते उलट आमच्याकडे येतं. साडेचार मीटरच्या वरची भरती कोणत्या दिवशी आहे याची यादी महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी देते. आमच्या फ्रिजवर ती चिकटवलेलीच असते.

गेल्या जुलैतल्या अशाच एका दिवशी मी फोर्टला ऑफिसमध्ये होते. हार्बरच्या गाड्या बंद, आमचे हे पुण्याला. घरात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि माझी कॉलेजात जाणारी मुलगी. बाहेरचं पाणी ओसरलं तसं घरातलंही बरंचसं निघून गेलं. उरलं ते हवाई चपलेचा तळ बुडेल इतकं. पण ते गटाराचं पाणी, वास मारणारं, आणि आईंचे गुडघे असे की त्यांना वाकून वायपर मारता येत नाही. कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर एक नंबर टाकला होता. मुलीने फोन केला. पलीकडून सांगण्यात आलं, ‘120 पासून सुरू, मशीन घेऊन येतो, अर्ध्या तासात घर कोरडं.’

दोन माणसं आली. ओलं-कोरडं दोन्ही खेचणारा मोठा व्हॅक्यूम, पोटावर ‘30 लिटर’ असं ठळक छापलेलं. वागायला गोड. आईंना ‘मावशी’ म्हणत होती, चहा नको म्हणाली. एकाने पाईप धरला, दुसरा वहीत रेघा ओढत होता. प्रत्येक टाकीला एक रेघ. घरात काय चाललंय ते मला कळावं म्हणून मुलीने मधूनमधून मोबाईलवर चित्रण केलं. ते तिने केलं नसतं तर आज हे लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

काम संपल्यावर आईंच्या हातात जो कागद आला त्यावर असं होतं: 64 टाक्या, प्रत्येकी 120, एकूण 7,680. शिवाय ‘भिंत ड्रायिंग केमिकल’ 4,500. आईंनी विचारलं, ‘बाळा, इतकं कसं?’ तर उत्तर मिळालं, ‘मावशी, तुमच्या समोरच मोजलंय की.’ आणि खरंच, मोजलं समोरच होतं.

आता ती युक्ती. या मशीनच्या टाकीत वरच्या बाजूला एक फ्लोट असतो. पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि हवेची वाट बंद करतो, म्हणजे पाणी मोटारीत जात नाही. हवा बंद झाली की मोटारीवरचा भार कमी होतो, ती जास्त वेगाने फिरते आणि आवाज एकदम चढतो. हा चढलेला आवाज म्हणजे टाकी भरल्याची खूण. मशीन वापरणारा प्रत्येक जण त्यावरच चालतो. पण हवेची वाट दुसऱ्या टोकाला बंद केली, म्हणजे पाईपचं तोंड लादीवर सपाट दाबून धरलं किंवा तळहाताने झाकलं, तरी आवाज अगदी तसाच चढतो. टाकीत तेव्हा चार लिटर पाणी असो की चोवीस, कानाला फरक कळत नाही.

मुलीच्या चित्रणात हे स्पष्ट दिसतं. माणूस पाईपचं तोंड तिरकं धरून पाणी ओढतो आहे. थोड्या वेळाने ते सपाट दाबतो, आवाज चढतो, तो म्हणतो ‘फुल’, दुसरा रेघ ओढतो. मग वरचं झाकण काढून टाकी उचलतो, मोरीचा उंबरा ओलांडतो आणि ओततो. एका हाताने उचलतो! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीस राहू दे, वीस लिटर जरी त्यात असते तर ती टाकी घेऊन तो माणूस असा सरळ पाठीने चालला नसता. मी ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. एका ठिकाणी तो टाकी उजव्या हातात धरून डाव्या हाताने मोरीचं दार ढकलतो.

ओततो तिथेही गडबड होती. बाहेरची गटारं अजून तुंबलेली, त्यामुळे नहाणीच्या जाळीतून पाणी खाली उतरतच नव्हतं. मोरी भरून उंबऱ्यावरून तेच पाणी पुन्हा पॅसेजमध्ये येत होतं आणि तेच पुन्हा खेचून त्याची नवी रेघ ओढली जात होती. प्रामाणिक माणसाने आधी मोरीत एक बादली ओतून पाहिली असती आणि पाणी उतरत नाही म्हटल्यावर टाक्या दारातून बाहेर, उताराच्या बाजूला रिकाम्या केल्या असत्या.

मी घरी पोचले तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ अजून होती. पाणी किती उंच चढलं होतं त्याची ती रेघ. मशीन सुरू झालं तेव्हा किती उरलं होतं ते मात्र चित्रणात दिसतं: खुर्चीच्या पायांना खाली जी रबरी टोपणं आहेत ती पूर्ण बुडालेली नाहीत. टोपण मोजलं, इंचापेक्षा थोडं जास्त भरलं. म्हणजे पाणी फार तर एक इंच. घर 250 चौरस फुटांचं. एका चौरस फुटावर एक इंच पाणी म्हणजे 2.36 लिटर, तेव्हा सगळं मिळून झालं 590 लिटर. कपाटं, पलंग यांनी अडवलेली जागा मी वजा केलेली नाही, म्हणजे हिशोब त्यांच्याच बाजूचा धरला. टाकीवर 30 छापलेलं असलं तरी फ्लोट थोडा आधीच बंद होतो, म्हणून टाकीत 20 लिटरच मावतात असं धरलं. तरी 30 टाक्यांत घर रिकामं व्हायला हवं होतं. त्यांनी लावल्या 64. छापलेल्या 30 लिटरने त्यांचा हिशोब धरला तर ते 1,920 लिटर होतात, म्हणजे घरभर सव्वातीन इंच पाणी. तेवढं असतं तर खालच्या कप्प्यातल्या पिठाच्या डब्यांत शिरलं असतं. डबे कोरडे आहेत.

दुसरी गोष्ट भिंतीची, आणि मला तिचाच राग जास्त आहे. पाणी काढून झाल्यावर त्यांनी दोन टोकदार पिना असलेलं एक छोटं यंत्र काढलं, लादीच्या वर वीतभर अंतरावर भिंतीत टोचलं आणि आईंना लाल दिवा दाखवला. ‘भिंतीत 90 टक्के पाणी आहे, केमिकल मारलं नाही तर बुरशी येणार, शॉर्टसर्किट होणार.’ घरात म्हातारं माणूस, शेजारी नात, बाहेर पाऊस. शॉर्टसर्किट हा शब्द ऐकल्यावर कोणीही हो म्हणेल. हे यंत्र मुळात लाकडासाठी आखलेलं असतं. सिमेंटच्या भिंतीवर त्याच्या आकड्याला टक्केवारी म्हणून अर्थ नाही, फक्त एक जागा दुसरीपेक्षा ओली आहे इतकंच कळतं. भिंतीत क्षार असतील तर आकडा आणखी फुगतो, आणि कुर्ल्यातल्या तळमजल्याची कोणती भिंत जुलैत क्षाराशिवाय सापडणार आहे? पाणी जिथवर चढलंच नाही अशा उंचीवर तेच यंत्र टोचायला सांगायचं. तुलनाच करायची नसेल तर दिवा दाखवण्याचा उद्देश वेगळा असतो.

मग त्यांनी काय मारलं? बाटलीतून लिंबाच्या वासाचं काहीतरी फवारलं. फवारून भिंत सुकत नाही. ती हवेने सुकते आणि वेळ घेते. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढायची, खाली टेबलफॅन लावायचा, एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवायचा. पावसाची सर चालू असताना खिडक्या उघड्या टाकल्या तर ओल उलट आत येते. नवा रंग तर दिवाळीपर्यंत लावूच नये, नाहीतर पोपडे धरतात. आमची भिंत अशीच सुकली.

आणखी एक, पैशाहून गंभीर. त्यांच्या मशीनचा एक्स्टेंशन बोर्ड ओल्या लादीवर पडलेला चित्रणात दिसतो आणि शेजारीच आई अनवाणी उभ्या आहेत. अशी मशीनं 1,400 वॅटच्या आसपास असतात, त्यांना 16 अँपिअरचा पॉवर प्लग लागतो, आणि पाणी शिरलेल्या घराचा मेन स्विच तर आधी बंदच असायला हवा. वीज वरच्या मजल्यावरून, न भिजणाऱ्या केबलने, 30 मिलिअँपिअरला ट्रिप होणाऱ्या आरसीसीबीमागून (वीज गळू लागताच ती तोडणाऱ्या स्विचमागून) घ्यावी. बोर्ड जमिनीवर ठेवणाऱ्या माणसाला तिथेच थांबवा, मग तो कितीही स्वस्तात काम करत असो. आणि त्या पाण्यात उघड्या पायांनी उभं राहावं लागलं असेल, पायाला जखम असेल, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, असं महापालिकाही दर पावसाळ्यात सांगते. आईंना आम्ही दुसऱ्याच दिवशी नेलं.

खरं म्हणजे इंचभर पाण्याला व्हॅक्यूम हे हत्यारच नव्हे. तेवढं पाणी वायपरने ओढून सुपलीने भरायचं किंवा छोट्या पंपाने बाहेर काढायचं. हे मशीन उपयोगी पडतं ते शेवटच्या थराला: कपाटाखाली, सरकत्या दाराच्या खाचेत, गादीत, सोफ्यात. तिथे त्याला तोड नाही. आमच्या सोसायटीने नंतर एक पंप आणि एक असा व्हॅक्यूम घेतला, दोन्ही वॉचमनच्या केबिनमध्ये असतात. वापरणाऱ्यांना मी एवढंच सांगते की पाण्यासाठी लावताना आतला कागदी फिल्टर काढून स्पंजचा चढवा, आणि पाण्यात साबण किंवा फिनाईल आधी ओतू नका, कारण फेसाला फ्लोट अडवतोच असं नाही, फेस थेट मोटारीत जातो. घरातला नेहमीचा, फक्त धूळ ओढणारा व्हॅक्यूम पाण्याला कधीच लावायचा नाही. त्यात खेचलेली हवा मोटारीवरूनच जाते.

तक्रारीचं सांगते. त्या कागदावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना सही. पैसे गेले ते यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात. मी पक्कं बिल मागितलं, मिळालं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सोबत चित्रण, घराचं मोजमाप आणि वरचा सगळा हिशोब जोडला. त्यानंतर केमिकलचे 4,500 परत आले. टाक्यांचे पैसे परत द्यायला मात्र त्यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं: दर आधी सांगितला होता, मोजणी ग्राहकासमोर झाली. त्या रकमेसाठी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रार 2 वर्षांच्या आत करता येते.

चुनाभट्टी, शीव, कुर्ला भागात अशी रेघांची बिलं आणखी काही घरांत गेली असल्याचं कानावर येतंय. तुमच्याकडे असलं तर ते फाडू नका. खोल्यांची लांबी-रुंदी मापून ठेवा, पाण्याच्या रेघेचा शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि मगच भिंत पुसा. टाकीवर छापलेल्या लिटरच्या आकड्याचा फोटो असेल तर तोही जपून ठेवा.