तारखेचा शिक्का: हॉली की रॉचेस्टर?

जुन्या अमेरिकन गाडीचा कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) मूळचाच आहे का, हे ताडताना हॉली आणि रॉचेस्टर क्वाड्राजेट या दोन बनावटींचे आकडे वेगवेगळे वाचावे लागतात.

हॉलीवर चोकच्या उभ्या भिंतीवर लिस्ट नंबर (हॉलीचा मॉडेल क्रमांक) आणि त्याखाली तीन आकडे असतात: वर्षाचा शेवटचा अंक, महिना, आठवडा. ९७२ म्हणजे १९६९, जुलै, दुसरा आठवडा. ऑक्टोबरला ०, नोव्हेंबरला ए, डिसेंबरला बी. गोम अशी की ९ म्हणजे १९५९ही असू शकतं. दशक लिस्ट नंबरवरूनच ठरवा. हवा जास्त मिळावी म्हणून ही भिंत कापलेली असेल, तर पुरावाच गेला.

क्वाड्राजेटवर १९६८ पासून मुख्य बॉडीच्या बाजूला उभा शिक्का. १२३९ म्हणजे १९६९चा १२३वा दिवस, ३ मे. शिवाय ७०२९ने सुरू होणारा पार्ट नंबरही १९६९च सांगतो, म्हणून हॉलीपेक्षा क्वाड्राजेटचा शिक्काच जास्त भरवशाचा. वरचं झाकण मात्र बदललेलं असू शकतं.

दोन्हींत तारीख गाडी बनण्याआधीची हवी. टॉर्च आडवी धरून बघा: आकड्यांभोवती घासल्याच्या रेघा दिसल्या, तर शिक्का नंतर मारलेला असण्याची दाट शक्यता.