बोलेरो पिकअपच्या हौद्याला रॅप्टर लायनर मारलं: फवारणी अर्धा दिवस, तयारी अडीच दिवस

माझी बोलेरो पिकअप, नऊ फुटी हौदा, सीझनला टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगाव मार्केटला आणि बाकी वर्षभर युरिया, शेणखत, सिमेंट, जे मिळेल ते. टोमॅटोचं आंबट पाणी आणि खताचं मीठ, या दोघांनी पत्र्याचं काय होतं ते ज्याची गाडी आहे त्याला सांगायला नको. रबर मॅट टाकून बघितली होती, पण तिच्याखाली पाणी साठून राहतं आणि उलट लवकर सडतं.

तर आधी काय झालं ते सांगतो. गेल्याच्या आधीच्या वर्षी दिवाळीच्या आधी एका कोटिंगवाल्याकडे गाडी लावली, नाव घेत नाही. सकाळी दहाला दिली, प्रेशरने धुतली, थिनरचं फडकं फिरवलं आणि दोन वाजता काळाकुळकुळीत हौदा घेऊन मी घरी. जाम खूश. ऑगस्टमध्ये क्रेटचा कोपरा अडकला आणि तळहाताएवढा तुकडा पापडासारखा उचलून आला. खाली बघतो तर कंपनीचा पांढरा पेंट, तोंड दिसेल इतका चकाचक! म्हणजे पॉलिश पेपर एकदाही लागलेला नाही. गुळगुळीत पेंटवर कोटिंग धरणार कशाला? आणि जिथे उचललं तिथे पाणी आत शिरून गंजाची पिवळी नक्षी.

या वेळी यूपोल कंपनीचं रॅप्टर, म्हणजे हौद्यावर फवारायचं खरखरीत कोटिंग, मागवलं आणि ओळखीच्या पेंटर काकांच्या गॅरेजमध्ये स्वतः उभं राहून काम करून घेतलं. किटमध्ये पाऊण लिटरच्या चार बाटल्या आणि ते कडक करणारा वेगळा एक लिटर हार्डनर येतो, बाटलीत खुणेपर्यंत हार्डनर भरायचा (तीनास एक पडतो), हलवायचं आणि बाटली थेट गनला लावायची. एवढं सोपंय. सोपं नाही ते त्याच्या आधीचं.

पहिला अख्खा दिवस जुनं कोटिंग काढण्यात गेला, पतरीने आणि ग्राइंडरला वायर ब्रश लावून. जिथे घट्ट बसलेलं होतं तिथे काका म्हणाले राहू दे ना, मी म्हणलं नाही, सगळं काढायचं. दोरीचे हूक, फाळक्याचे बोल्ट जेवढे निघाले तेवढे काढले. गंजाच्या जागी ८० नंबर पेपरने चांगला उघडा पत्रा दिसेपर्यंत, बाकी पेंटवर १८० नंबर, आणि हौद्याच्या नालीदार पत्र्याच्या खोबणीत पेपर जातच नाही तिथे लाल स्कॉच ब्राइट (घासायची जाळी). पेंट काढायचा नसतो हां, फक्त त्याची चमक मारायची असते. कुठूनही बघा, चमकणारा ठिपका दिसला तर ती जागा राहिली समजा.

मग तेलकटपणा. ग्रीस रिमूव्हर एका फडक्याने लावायचा आणि तो ओला असतानाच दुसऱ्या कोऱ्या फडक्याने पुसायचा, एकच फडकं फिरवलं तर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. पुसून झालं की काकांनी मगभर पाणी ओतलं. स्वच्छ पत्र्यावर पाणी चादरीसारखं पसरतं, तेल असेल तिथे थेंब थेंब होऊन गोळा होतं. आमच्या केबिनच्या बाजूच्या कोपऱ्यात झालेच थेंब! परत पुसलं, परत पाणी, मग जमलं. त्यानंतर हवा मारून आणि उन्हात ठेवून सांध्यांसकट पूर्ण कोरडं केलं, कारण हार्डनरला ओल लागली की बुडबुडे येतात. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर, रात्रभर ठेवलं तर सकाळी लाली येते. इथे काकांचं आणि माझं थोडं वाजलं. त्यांना रेड ऑक्साइड मारायचा होता आणि खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरायची होती, तीस वर्षांची सवय. पण साध्या रेड ऑक्साइडवर असलं टू-के (हार्डनर मिसळायचं) मटेरियल मारलं की ते खालून सुरकुतू शकतं आणि लांबी क्रेटच्या दणक्याने फुटणार. शेवटी इपॉक्सी प्रायमरच मारला. सांध्यांना सीलंट, पाणी जायच्या भोकांत कागदाचे बोळे, कडेला टेप. टेप मटेरियल ओलं असतानाच काढा, वाळल्यावर ब्लेडने कापत बसावं लागतं.

फवारणीचं जास्त सांगण्यासारखं नाही. हवेचा दाब ४०-६० पीएसआय, दीड फुटावरून, पहिला हात पातळ, तासाभराने दुसरा. मास्क मात्र कार्ट्रिजवालाच घाला, रुमाल बांधून चालत नाही, हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसांना घातक. एका किटमध्ये भागेल हा हिशोब माझा चुकला, बाजू धरून नव्वदेक चौरस फूट होतात, दोन हातांना दुसरं किट आणावं लागलं. नंतर आठवडाभर गाडी रिकामी ठेवली, घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या.

आता सहा महिने झाले. मार्क द्यायचे तर पाच पैकी साडेचार. अर्धा कापला तो हमालांसाठी. पृष्ठभाग इतका खरखरीत की पहिल्याच दिवशी एक जण ओरडला, "शेठ, क्रेट सरकंनाच की ओ!" आधी एका धक्क्यात शेवटपर्यंत जायचा, आता उचलून ठेवावा लागतो, गुडघा टेकला तर सोलतो. घाटात माल हलत नाही हा त्याचाच फायदा, पण तो मला, त्यांना नाही. आणि काळा रंग एप्रिलच्या उन्हात तव्यासारखा तापतो. टिंट करायचं (हवा तो रंग मिसळायचं) रॅप्टरही मिळतं, पुढच्या वेळी फिकट रंग करेन.

नखाएवढं एकाच ठिकाणी सुटलंय, डाव्या मागच्या हुकाच्या बुडाशी. तो गंजून बसला होता म्हणून न काढता तसंच मारलं होतं. आता तो कापून तेवढं परत करायचंय, बाटली उरलीय एक, पण हार्डनरचं झाकण नीट लावलं नव्हतं त्यामुळे त्याची पार जेली झालीय, तो नवीन बघावा लागेल.